चिऊ हट्टी नाही

पुणे

चि. मनूस,


तुझं पत्र आणि सोबतचा व्हिडिओ दोन्ही मिळालं. व्हिडिओत तुझी चिऊ बाहुल्यांची शाळा घेते आहे. एकीला दटावते, दुसरीला शाबासकी देते, मध्येच मिसच्या सुरात ‘सिट डाउन, सिट डाउन’ म्हणते. आणि शाळेनं लिहून पाठवलंय की जूनपासून तिनं वर्गात तोंड उघडलेलं नाही, हजेरीला ‘प्रेझेंट मिस’सुद्धा नाही. यातली खरी चिऊ कोणती, असं तू विचारतेस. दोन्ही खऱ्या. एकाच मुलीत या दोघी असणं हीच तर या त्रासाची ओळख आहे.

शाळेतल्या समुपदेशकबाईंनी ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ (ठरावीक जागी, ठरावीक माणसांसमोर आवाज बंद होणं) असं म्हटलं, ते मला योग्य दिशेचं वाटतं. पक्कं निदान पत्रातून होत नाही, ते तिला समोर बघणारा तज्ज्ञच करेल. पण स्पीच थेरपीच्या कामात अशी मुलं मी जवळून पाहिली आहेत, आणि तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार लागलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तू लिहिलंयस, ‘ती आमचा अंत बघते आहे असं वाटायला लागलंय.’ मनू, हे आधी मनातून काढून टाक. चिऊ हट्ट करत नाही. तिला बोलायचं असतं, आणि त्या क्षणी ते होत नाही.

भीती वाटली की कुणी पळतं, कुणी अंगावर येतं, कुणी जागच्या जागी गोठतं. चिऊ गोठते. वर्गात तिचं नाव पुकारलं जातं, सगळ्या माना तिच्याकडे वळतात, तिचा मेंदू याला धोका समजतो आणि घसा आवळला जातो. चेहरा कोरा होतो, अंग ताठ होतं, नजर खाली जाते. रडू नाही, थरथर नाही, त्यामुळे बघणाऱ्याला ती भीती दिसतच नाही. दिसतो तो कोरा चेहरा, आणि तो उद्धट वाटतो. तू सहज लिहून गेलीस की दुपारी घरात शिरली की ती चप्पल न काढता बाथरूमकडे पळते आणि पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. सगळ्या पत्रात मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. त्या शाळेत लघवीला जायचं तर ‘मे आय गो टू वॉशरूम, मिस?’ हे अख्खं वाक्य सगळ्यांदेखत म्हणावं लागतं. ते म्हणता येत नाही, म्हणून पोर पाणी पीत नाही आणि सकाळपासून दाबून बसते. अशा मुलांना पुढे लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते. हट्टापायी कुठलं साडेपाच वर्षांचं मूल रोज इतकं सोसेल?

तुझ्या सासूबाईंना किंवा वर्गातल्या मिसना हा हट्ट वाटत असेल, तर त्यांच्यावर रागावू नकोस. डॉक्टरांनाही फार काळ तसंच वाटत होतं. आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यानं १८७७ साली अशा मुलांचं वर्णन केलं, तेव्हा ती मुलं स्वतःच्या मर्जीनं गप्प बसतात असंच त्यानं धरलं होतं. १९३४ मध्ये मॉरिट्झ ट्रामर या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं या त्रासाला वेगळं नाव दिलं, तरी मूल मौन ‘निवडतं’ हीच समजूत चालत राहिली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हा त्रास चिंतेच्या विकारांमध्ये बसवला गेला तो २०१३ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली यादीही त्याला तिथेच ठेवते. म्हणजे हे शहाणपण अजून ताजंच आहे. साध्या शाळेतल्या साध्या शिक्षिकेपर्यंत ते पोचलं नसेल, तर ते पोचवणं आपलं काम.

तुझा दुसरा प्रश्न भाषेचा. सांगलीहून बंगळूरला आलात, शाळेत इंग्रजी, सोसायटीच्या बागेत कन्नड, कामाच्या बाईंशी हिंदी. या गोंधळात ती मिटली का? नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने नुसतं ऐकतं, बोलत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच शाळेचा पहिला महिना किंवा भाषा न येण्यामुळे आलेलं मौन निदानात धरत नाहीत. मागच्या वर्षी एलकेजीत ‘भाषा नवी आहे, रुळेल’ म्हणून सोडून दिलं ते त्यामुळेच. पण तूच लिहितेस की खालच्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या काकू शुद्ध मराठीत विचारतात तरी ती गप्पच असते, आणि घरी बाहुल्यांशी इंग्रजी बोलते. म्हणजे अडचण भाषेची नाही. माणसं आणि जागा यांची आहे. स्थलांतरानं भर पडते, हे मात्र खरं. इस्रायलमधल्या बालवाड्यांच्या एका पाहणीत, २००३ सालच्या, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतल्या मुलांत हे प्रमाण शेकडा दोनच्या थोडं वर आढळलं होतं, आणि एकूण मुलांत शेकडा एकापेक्षा कमी. अमेरिकेतल्या शाळांत दुसरीपर्यंतच्या मुलांची पाहणी झाली, तिच्यातही हजारी सात मुलं निघाली. तुला वाटतं तेवढी ती एकटी नाही.

आणि एक सांगते, कारण शाळा हा सल्ला हमखास देतात: ‘घरी इंग्रजीच बोला, म्हणजे सुधारेल.’ हे अजिबात करू नकोस. चिऊचा आवाज आज जिथे मोकळा आहे ती जागा म्हणजे घरातली मराठी. तीच काढून घेतली तर तिच्या हाती राहिलं काय? गोष्टी मराठीत सांग, भांडू दे मराठीत, स्वप्नंही त्याच भाषेत पडू देत.

तू स्पष्ट लिहिलं नाहीस, पण शब्दांच्या मागे मला दिसलं, की रात्री तुला भलतीच शंका छळते: कुणी तिला काही केलं तर नाही ना? आईला हे वाटणारच. बहुतेक मुलांच्या बाबतीत मागे असा कुठलाही प्रसंग नसतो. आघातामुळे येणारं मौन वेगळं. सगळीकडे बोलणारं मूल अचानक गप्प होतं, घरातसुद्धा. माया अँजेलू या अमेरिकी लेखिकेचं लहानपणीचं काही वर्षांचं मौन तशा जातीचं होतं, आणि लोक उगाच तिचं उदाहरण या मुलांना लावतात. चिऊ कधीच बाहेर मोकळी बोलत नव्हती, तीन वर्षांची असल्यापासून अनोळखी माणूस दिसला की तुझ्या मागे लपायची. हा स्वभावाचा पिंड आहे, बराचसा जन्मजात. जावईबापू दहावीपर्यंत वर्गात कधी हात वर करायचे नाहीत, असं तू लिहितेस, तेही याच्याशी जुळतं. तुझ्या नोकरीमुळे, घर बदलल्यामुळे, लाडामुळे हे झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

कारण आपण नसलो, तरी ते टिकतं कशामुळे, यात मात्र आपल्या सगळ्यांचा हात असतो. लिफ्टमधल्या काकू विचारतात, ‘नाव काय गं तुझं?’ चिऊ गोठते. दोन सेकंद जातात, काकू अवघडतात, तू अवघडतेस, आणि तू पटकन नाव सांगून टाकतेस. सगळ्यांना हायसं वाटतं, सर्वांत जास्त चिऊला. या हायसं वाटण्यातच खरी अडचण आहे. गप्प राहिलं की सुटका होते, हे तिचं शरीर दर वेळी थोडं अधिक पक्कं शिकतं. प्रेमापोटी केलेली मदत अशी मौनाला खतपाणी घालते. याच्या उलट, ‘सांग ना, काकूंना नाव सांग, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?’ असा आग्रह झाला की भीती दुप्पट होते. दोन्ही वाटा चुकीच्याच. मधली वाट बारीक आहे, पण आहे. प्रश्न आला की मनात पाचापर्यंत मोज. घाई नको. तिनं काही सांगितलं नाही, तर तू तोच प्रश्न तिच्याकडे वळून सोपा करून विचार: ‘तुला चिऊ म्हणायचं की शाळेतलं नाव सांगायचं?’ दोन पर्यायांतला एक शब्द उचलणं सोपं असतं. हो-नाहीचा प्रश्न नको, त्याला मान हलवून भागतं. तरीही जमलं नाही तर शांतपणे ‘नंतर सांगू’ म्हण आणि पुढे चल. नाव सांगून टाकू नकोस आणि रागावूही नकोस.

शक्यतो प्रश्नच कमी कर. घरी आलेल्या माणसालाही हेच सांग. तिच्या शेजारी बसून तिच्या खेळाचं नुसतं वर्णन करावं: ‘अरे वा, निळा ठोकळा लाल ठोकळ्यावर चढला.’ उत्तराची अपेक्षा नसलेलं असं बोलणं चाललं की या मुलांचे खांदे सैल पडतात, आणि एखादा शब्द आपोआप निसटतो. तो निसटला की टाळ्या पिटायच्या नाहीत. ‘अय्या, बोलली!’ असं कुणी ओरडलं तर पुढचे कित्येक दिवस ती बोलणार नाही, कारण पुन्हा सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ‘लाल हवा होता होय, हा घे,’ एवढंच पुरे.

आपल्या घरांबद्दल मला मनापासून एक गोष्ट खटकते, ती इथेच लिहिते. पाहुणे आले की मुलानं नमस्कार करायचा, नाव सांगायचं, शुभंकरोती म्हणून दाखवायची. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण घाबरणाऱ्या मुलासाठी ती तोंडी परीक्षाच असते. आणि दुसऱ्या बाजूला मुलगी गप्प असली की ‘किती शहाणी, आवाजसुद्धा नाही’ म्हणून तिचं कौतुक होतं. वर्गातल्या पन्नास मुलांत जी त्रास देत नाही तिच्याकडे मिसचंही लक्ष जात नाही. मुलींमध्ये हा त्रास मुलांपेक्षा थोडा जास्त दिसतो आणि तरी गप्प मुलीकडे असं दुर्लक्ष होतं, याचं मला फार वाईट वाटतं. चिऊनं बोलावं म्हणून माझ्या ताईनं वेखंड उगाळून चाटवायला सांगितलंय असं कळलं. तिची माया मला कळते, पण चिऊच्या जिभेत काही उणं नाही. ‘मोठी झाली की बोलेल’ हेही ती म्हणतेच आहे. कुणी कुणी बोलतातही. पण वर्षं जातात तसं गप्प राहणं अंगवळणी पडतं, आजूबाजूची मुलं ‘ती बोलतच नाही’ हे धरून चालतात, आणि ती ओळख मोडणं फार अवघड होऊन बसतं. थांबू नकोस.

आता करायचं काय. सांगलीत आपण पोहायला कसे शिकलो ते आठव: पाठीला डबा बांधून, आधी पायरीवर, मग कडेकडेनं. काठावरून ढकललेली मुलं पुढे पाण्यालाच भ्यायली. चिऊसाठी तो डबा तू आहेस. शाळेशी बोलून सकाळी मुलं यायच्या आधी किंवा सुटल्यावर पंधरा मिनिटं रिकामा वर्ग माग. पहिले काही दिवस वर्गात फक्त तू आणि ती. तिचा आवडता खेळ घ्या, मोठ्यानं आकडे मोजायचे किंवा पत्ते ओळखायचे. त्या भिंतींना तिचा आवाज ऐकू येऊ दे. ती मोकळी बोलायला लागली की मिसनी व्हरांड्यात काहीतरी करत बसायचं, दार उघडं. मग दारात. मग लांबच्या बाकावर, वहीत मान घालून. मग जवळ. मग खेळात, तिची पाळी आली की एक आकडा तिनं, एक मिसनी, एक तू. एका टप्प्यावर आवाज बंद झाला तर एक पायरी मागे यायचं, चेहऱ्यावर काही न दाखवता. शेवटी तू हळूहळू लांब सरकायचंस: आधी खुर्चीवर, मग दारात, मग ‘पाणी घेऊन येते’ म्हणून बाहेर. मग एक मैत्रीण आत घ्यायची, मग दोन. इंग्लंडमधल्या मॅगी जॉन्सन आणि अ‍ॅलिसन विंटजेन्स या दोन वाचा-उपचारतज्ज्ञांनी ही पद्धत २००१ च्या आपल्या पुस्तकात बारकाईनं मांडली आहे, आणि आज अनेक देशांतल्या शाळा ती वापरतात. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज थोडं केलेलं जास्त लागू पडतं. आणि चिऊला कधीही फसवायचं नाही. दाराआड मिस चोरून ऐकताहेत असं होता कामा नये, तिचं रेकॉर्डिंग तिला न विचारता कुणाला ऐकवायचं नाही. विश्वास तुटला तर तू डबा राहणार नाहीस.

‘बोललीस तर चॉकलेट’ हे नको. जे आज जमणारच नाही त्याचं बक्षीस लावणं म्हणजे तिला रोज हरवणं. जमेल अशा छोट्या पायरीचं कौतुक जरूर कर, पण एकांतात, हळू आवाजात.

शाळेला एक पत्र दे. समुपदेशकबाई समजूतदार दिसतात, त्यांच्यामार्फत दे. त्यात एवढं माग: हजेरीला हात वर केला तरी चालावा. बाथरूमसाठी तिच्या बाकावर एक रंगीत कार्ड असावं, ते दाखवलं की न विचारता जाता यावं. हे उद्यापासून व्हायला हवं, बाकीचं थांबलं तरी चालेल. ‘शो अँड टेल’ घरी व्हिडिओ करून पाठवायची मुभा असावी, आणि तो वर्गात दाखवायचा की फक्त मिसनी बघायचा हे चिऊ ठरवेल. तोंडी परीक्षाही तशीच. बसायला तिच्या आवडत्या मैत्रिणीशेजारी जागा द्यावी, पहिल्या बाकावर नको. बोलत नाही म्हणून स्नेहसंमेलनातून वगळू नये. नाचात, हातात फलक धरण्यात तिला घ्यावं. आणि तिच्यासमोर ‘ती बोलत नाही’ हे वाक्य कुणीही, मुलांनीसुद्धा, म्हणू नये. मुलांनी विचारलंच तर मिसनी सांगावं, ‘ती घरी खूप बोलते, इथेही बोलायला लागेल.’ पुढच्या वर्षी पहिली येईल, बाई बदलतील. नव्या बाईंची ओळख एप्रिलमध्येच, रिकाम्या वर्गात करून द्यायची, नाहीतर केलेलं सगळं जूनमध्ये पुन्हा शून्यावर येतं.

यासोबत तिची श्रवणचाचणी करून घे. बोलण्यात-भाषेत आणखी काही अडचण आहे का तेही बघायला हवं, काही मुलांमध्ये ती असते. तपासणाऱ्यांसमोर ती बोलणार नाही हे गृहीत धरून घरचे व्हिडिओ घेऊन जा. तुम्ही बंगळूरला आहात हे चांगलंच आहे. तिथल्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत मुलांचा मानसोपचार विभाग आहे, तिथे दाखव. स्वमग्नता वगैरे नाही ना, हेही तेच नीट पाहतील, तू इंटरनेटवर वाचून ठरवू नकोस. औषधाची भीती तू लिहिलीस. चिंता कमी करणारी औषधं असतात, पण ती मूल थोडं मोठं असेल किंवा बाकीच्या प्रयत्नांनी पुढे सरकत नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. साडेपाचाव्या वर्षी तिथून सुरुवात करत नाहीत.

गुण येतो का? नॉर्वेमध्ये शाळेतच, पायरीपायरीनं असे उपचार केलेल्या ३० मुलांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा २१ मुलं पूर्ण बरी झालेली होती, ५ बरीचशी, आणि ४ जणांचा त्रास तसाच होता. जी मुलं लहान वयात सापडली त्यांचं जास्त चांगलं झालं होतं. साडेपाच हे लहान वय आहे, मनू.

आज-उद्या कधीतरी चिऊशीही बोल, झोपताना, उजेड कमी असताना. अशा मुलांना वाटत असतं की आपल्यातच काहीतरी वाईट आहे आणि ते कुणाला कळता कामा नये. तिला म्हण, ‘शाळेत शब्द घशात अडकतात ना? माझ्या लक्षात आलंय. पुष्कळ मुलांचं तसं होतं. आपण ते हळूहळू सोडवू, आणि तोवर कुणी तुला बोल म्हणणार नाही.’ उत्तर मागू नकोस. हे एवढं ऐकूनच अनेक मुलं ढसाढसा रडतात, आणि दुसऱ्या दिवशी हलकी होतात.

शाळेचं पत्र याच आठवड्यात दे. मसुदा हवा असेल तर मी लिहून पाठवते. गणपतीला तुम्ही सांगलीला याल तेव्हा घरात येणाऱ्या कुणीही चिऊला नाव विचारायचं नाही आणि आरती म्हणायला पुढे ढकलायचं नाही, हे मी ताईला आजच फोन करून सांगते. ती ऐकेल, आणि बाकीच्यांना तीच ऐकायला लावेल.

जावईबापूंना नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुझी,
मावशी